जावईबापू, तो नट बघू

अहो, ऐकलंत का? नाही हो, प्लावचा आवाज नव्हे. प्लाव पहाटेच येऊन गेला, नेहमीसारखा ड्राइव्हवेच्या तोंडाशी बर्फाचा बांध घालून. मी म्हणतेय ते काल संध्याकाळचं. कोपऱ्यावरच्यांचा स्नो ब्लोअर! सुरू झाला! आणि झाला तो झालाच. घरघरघरघर, एका सुरात, अडखळणं नाही की खोकणं नाही. मी साबणाचे हात तसेच धरून सिंकपाशी ऐकत उभी. ह्यांना म्हटलं, "जिंकलं बरं का भाऊजींनी शेवटी!" तर हे फोनमधून डोकं वर न काढता म्हणतात, "भाऊजींनी नव्हे, भाऊजींच्या सासऱ्यांनी." आणि मिशीतल्या मिशीत हसतायत! म्हणजे ह्यांना सगळं माहीत, आणि मला कुणी… असो. रात्री वहिनी स्वतःच आल्या, चहा झाला आणि मग सगळं बाहेर पडलं. तुम्हाला म्हणून सांगते हं. माझं नाव नका घेऊ.

जरा अशा अलीकडे या. वारं त्यांच्या किचनच्या दिशेला आहे.

तर मूळ सगळं मार्चमधलं. शेवटचा स्नो वितळला आणि भाऊजींनी मशीन ढकललं गॅरेजच्या कोपऱ्यात, वर ताडपत्री. वहिनी तेव्हाच म्हणाल्या होत्या, "अहो, टाकीतलं पेट्रोल काढून टाका, नाहीतर संपेपर्यंत चालवून तरी ठेवा." माझ्यासमोर म्हणाल्या, मी साक्षीला आहे. त्यावर भाऊजी काय बोलले? "अगं, एवढंसं तर आहे, फुकट कशाला घालवायचं!" झालं! दोन-तीन डॉलरचं पेट्रोल वाचवलं साहेबांनी.

आता इथल्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि ते मेलं हवेतलं पाणी ओढून घेतं. महिनाभर काही होत नाही. पण मार्च ते नोव्हेंबर? पेट्रोलमधलं हलकं ते उडून जातं आणि मागे राहतं ते काकवीसारखं चिकट, पिवळट, वार्निशचा वास मारणारं. ते जाऊन बसतं नेमकं कार्बोरेटरमध्ये, जिथे भोकं एवढी बारीक की चष्मा लावूनही दिसायची नाहीत. त्याच्यावर औषध म्हणून स्टॅबिलायझरची बाटली मिळते. ती भाऊजींकडे होती, हं! शेल्फवर. सील न फोडलेली. वहिनींनी मला आणून दाखवली, आणि दाखवताना त्यांचा चेहरा… जाऊ दे.

तर थँक्सगिव्हिंगच्या सुमाराला पहिला बरा स्नो पडला, आणि भाऊजी निघाले टोपी-हातमोजे घालून. दोरी ओढली. सुरू झालं. दोन मिनिटं गुरगुरलं आणि गप्प. परत ओढली, परत तेच. चोक लावून ठेवला तर चालतंय, चोक सोडला की मेलं! आणि मग ते दुसरंच सुरू झालं, घूंऽऽऽ… घुं घुं… घूंऽऽऽ, वर-खाली, वर-खाली. तुम्ही ऐकलंच असणार, तुमची बेडरूम त्याच बाजूला. समोरचे ते बिल्स फुटबॉल टीमची टोपी घालणारे आजोबा त्यांच्या ड्राइव्हवेवरूनच ओरडले, "कार्बोरेटर, बडी!" चोकवर चालतंय म्हणजे पेट्रोल कमी पडतंय आणि हवा जास्त होतेय, कुठेतरी कचरा अडकलाय, हे त्या आजोबांना रस्त्यापलीकडून कळलं. आणि आपले भाऊजी फ्लुइड मेकॅनिक्सचे पीएच.डी.!

नाही, मी नावं ठेवत नाही. हुशार आहेत हो. नको इतके हुशार आहेत. शनिवारी गॅरेजमध्ये मशीन उघडून बसले आणि हात कमी, तोंड जास्त. सासू-सासरे दिवाळीला म्हणून आलेत ना कोल्हापूरहून, ते दोघं खुर्च्या टाकून बसलेले, आणि भाऊजींचं लेक्चर सुरू. मधे नळी अरुंद होते, तिथे हवेचा वेग वाढतो, दाब कमी होतो आणि म्हणून पेट्रोल आपोआप वर ओढलं जातं, त्याला म्हणे व्हेंच्युरी. मग इतिहास. क्युबेकमधल्या सिकार्ड नावाच्या माणसानं १९२५ साली असं पहिलं मशीन तयार केलं आणि १९२७ साली मॉन्ट्रियलला लागूनच्या ऊत्रमाँ गावाला विकलं. हे सगळं ऐकून घेतल्यावर सासूबाई काय म्हणाल्या असतील? "मग त्यो सिकार्ड यायचा हाय का आज?" वहिनी सांगत होत्या, त्यांना हसू आवरेना आणि भाऊजी स्क्रू शोधायच्या निमित्तानं खाली वाकले ते वर येईनात.

बरं, तर काय सांगत होते… हां, फिल्टर! अहो, ते तर राहिलंच. इंजिनावरचं ते पत्र्याचं आवरण काढलं आणि भाऊजी एकदम लाल. "एअर फिल्टरच नाही! फसवलं मला त्यानं!" ज्याच्याकडून मशीन घेतलं त्या गॅरेज सेलवाल्याला इतकं बोलले, इतकं बोलले. फोन करणार होते त्याला. वहिनींनी विचारलं, "आठ वर्षांनी?" खरं म्हणजे स्नो ब्लोअरला फिल्टर नसतोच. बर्फात कुठली आलीय धूळ? उलट फिल्टर बसवला तर तो ओला होऊन गोठायचा आणि इंजिनाचाच श्वास बंद. आणि ते पत्र्याचं आवरण असतं ते इंजिनाची ऊब कार्बोरेटरपाशी धरून ठेवायला, नाहीतर आतच बर्फ धरतो. हे मला ह्यांनी काल सांगितलं, ह्यांना समोरच्या आजोबांनी. भाऊजींना मात्र त्या दिवशी कुणी सांगितलं नाही. आणि सासरेबुवा? ते कानटोपी घालून, चहाचा कप दोन्ही हातांत धरून नुसते बघत होते.

आता हे सासरेबुवा म्हणजे कोण, तुम्हाला ठाऊक आहे ना? कोल्हापूरच्या उद्यमनगरात उभी हयात गेलीय त्यांची. राजदूत म्हणू नका, लुना म्हणू नका, फवारणीचे पंप म्हणू नका, जे समोर येईल ते उघडायचं आणि संध्याकाळपर्यंत चालू करून द्यायचं. कार्बोरेटर तर झोपेत उघडतील. पण जावई! जावयाला कसं बोलायचं? भाऊजींनी अधूनमधून विचारायचं, "काय बाबा, बरोबर ना?" आणि सासरेबुवांचं ठरलेलं उत्तर, "तुमचं बरोबर असणारच की." रात्री खोलीत सासूबाईंनी त्यांना चांगलंच फैलावर घेतलं म्हणे. "तुमास्नी कळंना व्हय? सांगा की त्यास्नी!" तर म्हणाले, "जावयाला कसं सांगायचं? पोरीला नांदायचं हाय तितं." वहिनी दाराबाहेर, हातात इस्त्रीचे कपडे. लग्नाला वीस वर्षं झाली, लेक कॉलेजात, आणि वडील म्हणतायत पोरीला नांदायचंय! मला सांगताना हसत होत्या, पण डोळ्यांत पाणी होतं बरं का.

तर भाऊजींनी कार्बोरेटर सोडवला. प्रत्येक पायरीचा फोनवर फोटो, खाली पेपर अंथरलेला, अगदी पद्धतशीर. कार्बोरेटरच्या बुडाला एक छोटा बाउल असतो, त्यात पेट्रोल साठतं. आत एक फ्लोट तरंगतो. पेट्रोल भरलं की तो वर येतो आणि त्याच्यावरची सुई वरची वाट बंद करते. आपल्या संडासाच्या टाकीत असतं तेच, वेगळं काही नाही. तो बाउल खालून एका नटानं धरलेला. भाऊजींनी नट काढला, बाउल काढला, आत बघतात तर तळाला पिवळा चिकटा आणि पांढरी पूड. मग आतलं एकेक काढून साफ करायचं म्हणून त्यांना हवं होतं एक भांडं. आणि भांडं कुठलं घेतलं असेल त्यांनी?

माझी वाटी!

अहो, माझी! दिवाळीत मी चकली-शेव पाठवली होती ना, त्याबरोबर खोबऱ्याची चटणी दिली होती स्टीलच्या वाटीत. माझ्या लग्नातली, माझ्या आईनं नाव घालून घेतलेली, खाली "सौ." आणि तारीखसुद्धा आहे. वहिनींनी घासून ओट्यावर ठेवलेली, परत द्यायला. ती भाऊजींनी उचलली आणि त्यात ओतला तो कार्बोरेटर क्लीनर, सगळ्या बारक्या वस्तू त्यात बुडवून ठेवल्या, रबराच्या वॉशरसकट! रबर त्यात घालायचं नसतं, फुगतं ते. सासरेबुवा तेव्हा खुर्चीतून अर्धे उठले होते म्हणे. उठले आणि परत बसले.

आणि तो नट? तो नट मात्र वाटीत नाही गेला. तो गेला कागदाच्या कॉफी कपात, बाकीच्या स्क्रूंबरोबर. का, तर तो साधा बोल्ट! त्यात काय साफ करायचंय! ही गोष्ट लक्षात ठेवा, मी येते परत तिच्यावर.

तर सगळं धुतलं, फुंकलं, जोडलं, टाकीचा कॉक उघडला, आणि पेट्रोल टप… टप… टप. सुई तिरकी बसलेली की गॅस्केट मुडपलेलं, देव जाणे, पण अख्ख्या घरात वास. वहिनींनी गॅरेजचं दार सताड उघडलं, बाहेर उणे आठ, आत पोळ्या करायच्या राहिलेल्या. "माझ्या घराचा पेट्रोल पंप केलात," एवढंच म्हणाल्या. त्यानंतर दोन दिवस बोलणंच बंद. भाऊजींचं तोंड एवढंसं.

मग काय, नवीन कार्बोरेटर मागवला. वीसेक डॉलरला मिळतात हो, नकला. आता ते इंजिन आहे टेकमसेचं, एके काळी कितीतरी स्नो ब्लोअरांवर त्यांचीच इंजिनं असायची, पण २००८ साली तो धंदाच बंद झाला. म्हणजे मूळ पार्ट मिळणं मुश्कील आणि नकला शंभर. फोटोत अगदी तोच. आला, बघतात तर चोकची दांडी भलत्याच बाजूला! दोन-तीन तास खटपट केली, दांडी वाकवून बघितली, आणि शेवटी खोका परत टेपनं बांधून ठेवला. ह्यांनी तेव्हा पाहिलं म्हणे त्यांना, मेलबॉक्सपाशी. ह्यांनी विचारलं, "काय, कसं काय?" तर म्हणाले, "डिझाइनमध्येच फ्लॉ आहे." डिझाइनमध्ये!

आणि मग आला अंदाज. लेक इफेक्ट, तळ्यावरून येणारा तो बर्फ. फोनवर ते जांभळे पट्टे दिसायला लागले की माझ्या तर पोटात गोळा येतो. आठवतंय ना २०२२? नोव्हेंबरमध्ये ऑर्चर्ड पार्कला ८० इंच पडला, बिल्सची मॅच उचलून डेट्रॉइटला नेली. तेव्हा आपण इकडे उत्तरेला म्हणून वाचलो. पण नाताळातलं ते वादळ, त्यात कोण वाचलं? गाड्या बंद, लाइट गेलेले, माणसं गेली किती… नको ते आठवायला. तर वहिनी म्हणाल्या, "उद्या सकाळी मशीन चालू नसलं तर मी फावडं घेऊन बाहेर जाणार, आणि बाबाही येणार माझ्याबरोबर." आता ऐंशीला टेकलेला माणूस फावडं घेऊन बर्फात! ते ऐकलं आणि सासरेबुवांनी कप खाली ठेवला.

उठले. गॅरेजमध्ये गेले. पहिलं काय केलं, तर प्लगची वायर ओढून बाजूला केली. इतके दिवस भाऊजींनी ती एकदाही काढली नव्हती! चुकून इंजिन फिरलं असतं आणि हात तिथे असता तर? वहिनींना नुसतं ते बघून घाम फुटला म्हणे. मग बाउल खोलला, सुई नीट बसवली, गॅस्केट बोटानं सारखं केलं. आणि हात पुढे करून, अगदी अदबीनं, "जावईबापू, त्यो नट जरा बघू द्या की मला."

भाऊजींनी दिला. "बाबा, तो नुसता बोल्ट आहे."

"बोल्टच हाय की. पण जेटबी त्योच."

अहो, काय सांगू! सासरेबुवांनी तो नट दिव्याकडे धरला आणि भाऊजींना म्हणाले, "ह्यातनं उजेड दिसतोय का बघा." दिसला नाही. त्या इंजिनाचं असंच असतं म्हणे, बाउल धरणारा नट आतून पोकळ, आणि पेट्रोल जातं ते त्या नटातूनच. एक भोक खालच्या अंगाला, ते जरा मोठं, नजरेत भरणारं. आणि दुसरं वर, आट्यांच्या जवळ, इतकं बारीक की बघणारा म्हणेल ओरखडा आहे. तेच बुजलेलं. सगळा कार्बोरेटर धुऊन झाला, माझी वाटी बाटवून झाली, वीस डॉलरचा नवीन मागवून झाला, आणि कचरा बसलाय कॉफीच्या कपात!

भाऊजी त्यावर ड्रिल आणायला निघाले. सासरेबुवा म्हणाले, "न्हाई न्हाई, पोलाद घालू नका. भोक मोठं झालं की गेलं कामातनं, मग आयुष्यभर पेट्रोल पीत बसंल." जुन्या वायरीचा तुकडा मागितला, सोलला, त्यातला तांब्याचा एकच तंतू निवडला, आणि तो हलकेच त्या भोकात… आत-बाहेर, आत-बाहेर. मग क्लीनरचा एक फवारा. परत दिव्याकडे धरला. सुईच्या टोकाएवढा उजेड! भाऊजींनी बघितला. वहिनी सांगतात, वीस वर्षांत त्यांचा असा चेहरा कधी पाहिला नव्हता. लाल नाही, पांढरा नाही, नुसता रिकामा. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. सासरेबुवा मात्र अजिबात हसले नाहीत. उलट म्हणाले, "ह्ये कुणालाबी दिसत न्हाई बरं का. माझाबी एकदा असाच दीस गेल्ता." आता ते खरं की जावयाची लाज राखायला रचलेलं, मला विचाराल तर रचलेलं. पण काय माणूस आहे बघा!

मग टाकीतलं जुनं पेट्रोल सगळं काढायला लावलं, नाहीतर पहिले पाढे पंचावन्न. ताजं भरलं. वायर लावली. मशीन गॅरेजबाहेर ढकललं, आत धूर नको म्हणून. आणि स्वतः मागे सरकून म्हणाले, "ओढा जावईबापू, तुमीच ओढा." दुसऱ्या ओढीला सुरू! तेच मी सिंकपाशी ऐकलं ते.

आता पुढचं ऐका. रात्री दहाला मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भाऊजींचा मेसेज, फोटोसकट. "कार्बोरेटर रिबिल्ट इन हाउस. बाबांनीही थोडी मदत केली." थोडी! वहिनींनी खाली नुसता अंगठा टाकलाय, तुम्ही बघितलात का? मी तो अंगठा बघितला आणि मला कळलं आज त्या घरात कोण कोणाशी बोलत नाहीये.

आणि आज सकाळी तर मजाच. समोरचे बिल्सचे आजोबा आपलं मशीन ढकलत घेऊन वहिनींच्या दारात हजर. त्यांना मराठी नाही, सासरेबुवांना इंग्रजी नाही. दोघं वाकलेत इंजिनावर, एक म्हणतोय "जेट", दुसरा म्हणतोय "जेट", दोघांच्याही माना हलतायत. आजोबांच्या बायकोनं ॲपल पाय पाठवला. सासूबाईंनी विचारलं, ह्यात अंडं असतंय का? असो, तो वेगळाच विषय.

माझी वाटी आली हो परत. रिकामी कशी द्यायची म्हणून वहिनींनी त्यात बेसनाचे लाडू घातलेले, वर काजू. मी तोंडाजवळ नेली… लाडू बेसनाचे आणि वास गॅरेजचा! "छान झालेत हं," म्हटलं, काय करणार. लिंबू झालं, राख कुठली मिळायला इथे, बेकिंग सोडा झाला, वास काही जाईना. हे म्हणतात टाकून दे. टाकून कशी देऊ? माझ्या आईनं घातलेलं नाव आहे त्याच्यावर! म्हटलं, आता ती गॅरेजात ठेवा, तुमच्या शेल्फवर. आपल्याही मशीनमध्ये मार्चचंच पेट्रोल आहे की. हे एकदम चपापले. तेव्हा उद्या सकाळीच ह्यांना मशीन घेऊन पाठवतेय, बाबा फेब्रुवारीत परत निघाले. तुम्हाला नंबर लावायचा असेल तर आत्ताच सांगा हं, बिल्सवाल्यांनंतर त्या डेंटिस्टीणबाईंनी लावून ठेवलाय.